चोळायचं नाही

इंजेक्शन दिलं की चोळायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. सुई निघाली की आईचा हात आपसूक लेकराच्या दंडावर जातो. त्यामुळे अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी माझ्या पोटाला पहिलं इंजेक्शन देऊन, "आता इथे अजिबात चोळायचं नाही, नुसता कापूस धरून ठेवा," असं सांगितलं, तेव्हा मला त्यात काही अवघड वाटलं नाही. घरी सासूबाई आहेत, हे त्या क्षणी मी विसरले होते.

सासूबाई म्हणजे आमच्या अनसिंग गावातला मालिशीचा हात. बाळंतीण, तिचं बाळ, लचकलेला पाय, धरलेली मान, सगळे त्यांच्याकडे. डॉक्टरवर त्यांचा राग नाही, पण डॉक्टरच्या आधी आणि डॉक्टरच्या नंतर हात फिरलाच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझी जीभ जरा तिखट आहे. त्यामुळे आमची अधूनमधून जुंपायची, आणि जुंपून झाली की त्याच माझ्या केसांना तेल लावत बसायच्या.

माझी दोन बाळं गेली होती. पहिलं अगदी लवकर. दुसरं पाचव्या महिन्यात, त्याची हालचाल कळायला लागली होती तेव्हा. त्यानंतर ज्याला जे सुचवायचं ते त्यानं सुचवून घेतलं. कुणी दोरा सांगितला, कुणी उपास सांगितला, कुणी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन भलतंच काही सांगितलं आणि त्याच्याकडून शिव्या खाल्ल्या. मी कुणाचं ऐकलं नाही. मला कारण हवं होतं. अकोल्याला जाऊन रक्त तपासलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, आणि कारण सापडलं. माझं रक्त नको तिथे गोठतं. वारेच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि बाळाला आईकडून मिळायचं ते मिळत नाही.

गंमत म्हणजे हेच रक्त प्रयोगशाळेत नळीत घातलं तर इतरांपेक्षा उशिरा गोठतं. असं कसं, मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थोडं कळलंय, पुष्कळ कळायचंय. आमच्या कॉलेजात त्यावर काम सुरू आहे." मी लगेच बाही वर सारली. म्हटलं, माझंही घ्या. तेव्हापासून दर खेपेला एक नळी माझ्या तपासणीला आणि एक त्यांच्या संशोधनाला. माझ्या दोन बाळांचा कुणाला तरी उपयोग व्हावा, असं मला फार वाटत होतं.

तिसऱ्यांदा दिवस गेले आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं इंजेक्शन सुरू झालं. रोज एक, थेट बाळंतपण जवळ येईपर्यंत. पोटाची वळी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची आणि औषध हळूहळू सोडायचं. मी ते स्वतःच घ्यायला शिकले. हे बाळ घरी आणायचंच, एवढं माझं पक्कं ठरलं होतं. बाकी सगळं त्याच्या मागून.

घरातल्या पहिल्याच इंजेक्शनला सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. सुई बाहेर आली न आली तोच त्या पुढे झाल्या आणि त्यांचा तळहात माझ्या पोटावर गोल फिरू लागला. मी इतक्या जोरात ओरडले की नवरा गोठ्यातून धावत आला.

"काहून ओरडतं वं? सुई टोचल्यावर चोळा लागते."

"चोळलं की आतल्या आत रक्त पसरतं, आई. डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"तुहं रक्त गोठते म्हणे ना? मंग गोठलेलं चोळल्याशिवाय मोकळं कसं होईन?" त्यांनी कोनाड्यातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीकडे बोट केलं. "थंडीत तेल गोठते. हातावर घेतलं, चोळलं, का झालं पाणी."

मला हसू आलं आणि रागही आला. त्यांचं डोकं बरोबर चाललं होतं, शब्दानं घात केला होता. आपल्याकडे तेल गोठतं, तूप गोठतं, थंडीनं बोटं गोठतात आणि रक्तही गोठतं. एरवी मी हे वर्गात फळ्यावर लिहून मुलांना समजावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पोटावर पुरीएवढा काळानिळा डाग उमटला आणि माझा धीर सुटला. मी म्हणाले, "आई, बाळ होईपर्यंत माझ्या अंगाला हात लावायचा नाही."

त्यांनी लावला नाही. माझ्या केसांनाही नाही. तेलाची बाटली कोनाड्यातून फळीवर गेली. मला वाटलं, रागावल्या असतील, येतील ताळ्यावर. मग एका सकाळी शेजारची बाळंतीण आपलं बाळ घेऊन आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. सासूबाई तिला म्हणत होत्या, "दुसरी कोणी पाह्य बाई. माह्या हाताचा आता भरोसा नाई."

मी गॅस बंद केला. ती गेल्यावर त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "असं का म्हणालात?"

त्या आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मागच्या टायमाले तुही कंबर दुखून राह्यली होती. म्या रोज चोळून देल्ली. मंग पाचव्यात गेलं." आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "डॉक्टरीणबाईनं सांगलं असन तुले. तू बोलत नाई एवढंच."

दोन वर्षं मी माझ्या दुःखात बुडालेली होते आणि ही बाई माझ्याच घरात स्वतःला दोषी धरून भाकरी थापत होती. त्यात मी तिला हात लावू नका म्हणाले होते. "नाही," मी म्हणाले, "तुमच्या हातानं काही झालेलं नाही." त्यांनी मान डोलावली. पोरांच्या समाधानासाठी डोलावतात तशी. सुनेच्या शब्दानं हे फिटणार नाही, हे मला कळलं. मग मीही हट्टाला पेटले. पुढच्या खेपेला त्यांना अकोल्याला घेऊन गेले.

दवाखान्यात त्यांनी मला काही सांगू दिलं नाही. खुर्चीवर बसल्या आणि सरळ विचारलं, "बाई, माह्या चोळण्यानं गेलं का हिचं लेकरू?"

डॉक्टरबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "नाही मावशी. तुम्ही हात लावला नसता तरी ते गेलं असतं. तेव्हा आपल्याला हे औषध द्यायचं माहीत नव्हतं." मग म्हणाल्या, "आता एक काम करा. रोज सुई निघाली की कापूस तुम्ही धरा. दाबून धरायचा, हलवायचा नाही."

परतीच्या गाडीत मालेगाव मागे पडल्यावर त्या एकदम बोलल्या. "म्हंजे ते तेलावानी नाई. दुधावानी हाय. एकडाव विरजण लागलं का मंग कितीबी चोळा, दूध होत नाई. मंग लागूच नाई द्यायचं." मी हो म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून रडले. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

त्यानंतर रोज संध्याकाळी कापूस त्यांच्याकडे. अंगठा दाबून बसायच्या. अंगठा हलायचा नाही, पण मनगट थरथरायचं, इतकी त्या हाताला सवय. अंगणात बायका कुजबुजल्या की पोटात सुई टोचून लेकराला लागेल, तर या थेट ओट्यावर आल्या. "कातडीत देतात ते. लेकरू खोल असते. तुमी पाह्यली का सुई केवढी हाय ते?" आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू विज्ञान त्याच शिकवतात.

सातव्या महिन्यात एकदा दुपारपर्यंत बाळ हललं नाही. मी गोड खाल्लं, कुशीवर पडले, तरी काही नाही. माझी पाचावर धारण बसली. पाचवा महिना मला आठवत होता, त्यांनाही आठवत होता. नवऱ्यानं गाडी काढली. मागच्या सीटवर त्या माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळहात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले. वाशीमपर्यंत ते तसेच. तिथल्या दवाखान्यात मशीनमधून बाळाचे ठोके ऐकू आले, तेव्हा कुठे हात बाहेर निघाले आणि त्यांनी ते जोडले. घरी आल्यावर मी ठरल्या वेळी इंजेक्शन घेतलं. कापूस त्यांनीच धरला.

पोरगी थंडीत झाली. अकोल्यालाच. रडली, आणि भरपूर रडली. डॉक्टरबाईंनी माझं इंजेक्शन आणखी काही आठवडे सुरू ठेवलं आणि बाळाला मालिश करायला हरकत नाही, असं सासूबाईंच्या देखत सांगितलं.

घरी आल्यावर एका सकाळी ऊन अंगणात आलं, तशा सासूबाई पाय पसरून बसल्या. फळीवरची बाटली खाली आली. तेल पांढरं, घट्ट झालं होतं. काडीनं थोडं काढून त्यांनी ते तळहातावर घेतलं. पोरगी त्यांच्या पायांवर उघडी, हातपाय झाडत होती. आणि दोन्ही हात तिच्यावर येऊन तसेच थांबले.

गावातल्या कित्येक लेकरांना या बाईनं कुणाला न विचारता चोळलं आहे. तिनं माझ्याकडे बघितलं.

"चोळू का वं?"

"चोळा, आई."

तोपर्यंत तेल त्यांच्या तळहातावर वितळून मनगटापर्यंत ओघळलं होतं.