भुकटी दाबून भरली की कंगव्याले दात येत नाईत

दादानं कंगवे काढाची हातमशीन वणीत आनली तेव्हा अख्खी गल्ली पाहाले आलती! वरून प्लास्टिकचे दाने टाका, हीटरनं वितळू द्या, मंग दांडा खाली ओढा, का साच्यातून कंगवा तयार. दांडा माह्या हाती होता अन् मले जगात दुसरं कोनतंच काम नको होतं.

मंग दादानं दान्यात चुनखडीची भुकटी मिसळनं सुरू केलं. तेवढंच प्लास्टिक जास्त पुरते म्हने. अन् झालं काय, कंगव्याची पाठ झकास, दात थोटके! पहिले वितळलेला माल काकवीसारखा धावे, आता पिठल्यासारखा अडून बसे, अन् दाताच्या टोकापर्यंत जायच्या आधीच थिजे.

"जोर नाई लावत बे तू," दादा खेकसला. "नुसतं गिळतं."

"भुकटी जास्त होऊन राह्यली, दादा."

"डबाभर दान्याले पाव डबा भुकटी. मी सोता मोजतो. तू मले शिकवतं?"

मोजे, खरं हाय. पन कसा! दाने नुसते वरून सोडे, अन् भुकटी डबा आपटून आपटून, अंगठ्यानं दाबून भरे. आमच्या घरी कोनाले पीठ देल्लं तरी असंच, दाबून भरलं तरच माप खरं. हे सांगाले गेलो त डबाच अंगावर आला.

"उद्यापासून दांड्यावर माहा साळा. तू जाय वावरात."

साळा आला. पहेलवान गडी! मले म्हने, "सरक बे, काडी." अन् असा लटकला, का दांडाच वाकला. कंगवा काढला त दात थोटकेच! मी फिदीफिदी हासलो.

"हासतं कायले बे?" तो धावून आला. दादानं दोघायलेही आईवरून शिव्या हासडल्या. मंग आमच्याकडं पाठ करून त्यानं मालात ओंजळी ओंजळीनं नुसते दाने टाकले. जसं काई आमाले दिसतच नाई!

"ओढ," मले म्हने.

वाकलेला दांडा ओढला. आतला जुना माल निंघेपर्यंत थोटकेच आले, अन् मंग एक आला अख्खा! दादानं दातावरून नख फिरवलं, कर्रर्र वाजलं.

"पाह्य," साळ्याले म्हने, "याले शिव्या देल्ल्याबिगर हातात जोरच येत नाई."

दांडा माह्यापाशीच राह्यला. दादा अजूनही भुकटी अंगठ्यानं दाबूनच भरते. मंग पाठ करते, दाने टाकते, अन् वळून मले शिव्या देते.