मोरपंखी सायकल बघायला नागपूरला

कोल्हापूरच्या स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत आमच्या ह्यांनी एकच पालुपद धरलं होतं. "अगं, सायकल घ्यायला कुणी नागपूरला जातं होय? इथली दुकानं काय ओस पडलीत?"

"दुकानं रग्गड आहेत हो," मी खिडकीतून म्हटलं, "माझ्या मापाची सायकल नाही."

माझी उंची चार फूट दहा इंच. बँकेतून निवृत्त झाल्यावर कन्याकुमारीपर्यंत सायकलनं जायचं मी ठरवलं आणि गल्लीभर सांगूनही बसले, त्यामुळं आता माघार नाही. पण लांबच्या प्रवासाच्या सायकली बनवणाऱ्यांना बुटकी माणसं फिरतात हेच ठाऊक नसावं. बसलं की माझे पाय लोंबकळतात. एका दुकानदारानं तर मला सरळ लहान मुलांच्या विभागात नेऊन फुलाफुलांची सायकल दाखवली. असा संताप आला म्हणता!

मग एका मैत्रिणीकडून मंदाताईंचं नाव कळलं. नागपुरात सक्करदऱ्याला राहतात, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, उंचीनं माझ्याएवढ्याच. त्यांनी स्वतःच्या मापानं बांधून घेतलेली प्रवासाची सायकल आता गुडघ्यांपायी दुसऱ्या कुणाला द्यायची होती. फोन केला तर म्हणाल्या, "येऊन पाहा. पण देईनच असं नाही बरं." ते 'देईनच असं नाही' वाटभर कुसळासारखं टोचत राहिलं. ही हातची गेली तर दुसरी कुठून आणू?

नागपूरला उतरले तेव्हा संध्याकाळ होती. हवेत छान गारठा, रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग. पोटात कावळे ओरडत होते म्हणून एका सावजी भोजनालयात (सावजी म्हणजे इथला काळ्या मसाल्याचा जहाल स्वयंपाक) शिरले. मालकानं माझ्याकडं पाहून प्रेमानं विचारलं, "ताई, बम तिखट राह्यते. कमी करून देऊ का?"

आता मला सांगा, कोल्हापूरच्या माणसाला असं विचारायचं असतं का? मी ताठ बसले. "आम्ही तांबड्या रश्श्यावर वाढलोय. येऊ द्या."

रस्सा आला. पहिला घोट गेला तो कानातून बाहेर आला. पण माघार घेतली तर पंचगंगेला काय तोंड दाखवू? वाटी चाटूनपुसून संपवली, वर "छान आहे, थोडं गोडसर" असंही म्हणाले. मालक हात जोडून आत गेला. पुढं काय झालं ते सगळं लिहीत नाही. सकाळी पोटात विस्तव घेऊनच मी सक्करदऱ्याला पोचले.

तिथल्या तलावापासून जवळच त्यांचं घर. दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाईंनी. आम्ही दोघी एकमेकींकडं मान वर न करता बघू शकलो, हेच मला किती बरं वाटलं! आणि त्यांच्या मागं, बैठकीच्या खोलीत, दिवाणाशेजारी ती उभी होती. मोरपंखी रंगाची. पोलादी सांगाडा, रुंद टायर, पुढं-मागं कॅरिअर. जीव जडला हो, तिथल्या तिथं.

"लोखंडी काहून, हलकी काहून नाही, असं लोक विचारतात," मंदाताई सीटवरून हात फिरवत म्हणाल्या. "हलक्या धातूची मोडली तं बसा रडत. लोखंड कोणत्याही खेड्यात जोडून भेटते. अन् हे मागचं चाक पाहा, सीटपासून जरा दूर लावलं आहे. बॅगा लावल्या तरी टाच लागत नाही. भूगोल शिकवला बत्तीस वर्षं. मग म्हटलं, शिकवलं ते खरं आहे का, पाहून तं येऊ. पचमढीले गेली, अमरकंटकले गेली. सगळं खरं निघालं."

मग पोहे आले, वरून तर्री (हरभऱ्याचा लालभडक रस्सा) ओतलेले. आणि प्रश्न सुरू झाले. पंक्चर काढता येते का? उतारावर कोणता ब्रेक आधी दाबशील? मुक्कामाले जागा नाही भेटली तं? सायकल ठेवशील कुठं, घरात का अंगणात?

"घरात," मी म्हटलं. "आमच्या ह्यांच्या आरामखुर्चीच्या जागी."

त्या खुदकन हसल्या. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलगी बघायला म्हणून मी आले होते खरी, पण इथं पोहे खाऊ घालून बघितलं जात होतं ते मला! पोहे तरी कुठं खात होते? मी चमच्यानं तर्री बाजूला सारत होते.

"काहून वं, खाऊन नाही राहिली?"

सगळं कबूल केलं. सावजी, तांबडा रस्सा, पंचगंगा. मंदाताई हसता हसता दिवाणावर आडव्या व्हायच्या बाकी राहिल्या. "माय वं! कोल्हापूरचे लोक इथं येऊन हीच चूक करतात!" मग मोठा पेला भरून ताक दिलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "पिऊन घे. आज आराम कर. उद्या रामटेकले जायचं आहे. तू सायकलवर, मी स्कूटरवर. गड चढून दाखव, मग पाहू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. मागच्या बॅगांमध्ये मंदाताईंनी जुन्या साड्यांत गुंडाळून अंगणातल्या विटा भरल्या. "रिकामी सायकल कोणीही चालवते," म्हणे. स्वतः तोंडाला ओढणी गुंडाळून, त्यावर हेल्मेट चढवून स्कूटरवर माझ्या मागं. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला. थंडीनं बोटं आखडली होती, पण सायकल अशी चालत होती, जणू मला लहानपणापासून ओळखते. पहिल्यांदाच माझे पाय जिथं पोचायला हवेत तिथं पोचत होते. मी मोठ्यानं गाणं म्हणायला लागले. मागून आवाज आला, "गाणं नंतर! गिअर बदल!"

मनसरला चहा प्यायलो. टपरीवाल्यानं मंदाताईंना ओळखलं. "मॅडम, सायकल कोणाले देऊन टाकली का?"

"अजून नाही, गा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडं न बघता चहा फुंकत राहिल्या. मी चहा तसाच ठेवला आणि उगाच सायकलचे टायर दाबून बघितले.

पुढं दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं, आणि समोर रामटेकचा डोंगर, माथ्यावर देऊळ. चढ सुरू झाला. पहिली वळणं बसून, सावकाश काढली. मग एका वळणावर समोरून वानरांचं टोळकं आडवं आलं, मी गडबडले आणि भलताच गिअर टाकला. साखळी कडकडा वाजायला लागली. ताकद होती हो पायात, उभी राहून रेटली असती तर चढलेही असते. पण तो आवाज! दात आवळून कुणी विव्हळावं तसा. मला सोसवेना. मी उतरले आणि विटांसकट ढकलत वर निघाले. डोळे भरून आले होते. गेली सायकल, गेली कन्याकुमारी, आता गल्लीत काय सांगू?

माथ्यावर मंदाताई स्कूटर लावून उभ्या होत्या. मी म्हटलं, "हरले ताई. उतरावं लागलं."

"काहून उतरली?"

"आवाज ऐकवेना तिचा."

त्यांनी ओढणी सोडली. "आधी एक जण आला होता. चांगला पहिलवान गडी. उतरला नाही. साखळी तुटेपर्यंत पायडल मारून राहिला." मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "अवं, जिले उतरता येते तेच दूर जाते. घेऊन जा पोरीले."

मी तिथंच रस्त्यावर त्यांना मिठी मारली. तेवढ्यात एका वानरानं स्कूटरच्या हुकाला अडकवलेली संत्र्यांची पिशवी पळवली. आम्ही दोघी पोट धरून हसलो, आणि तो वर बसून साली आमच्याच अंगावर टाकत राहिला.

गड उतरून रामटेकच्या तलावाकाठी सपाट रस्ता लागला तेव्हा मंदाताई म्हणाल्या, "एक चक्कर मारू दे." मी विटा उतरवल्या, सायकल धरली. त्या बसल्या, हळूहळू थोडं पुढं गेल्या, वळल्या, घंटी वाजवत परत आल्या. उतरल्यावर ओढणीनं सीट पुसली आणि हँडल माझ्या हातात दिलं.

निघायच्या दिवशी सक्करदऱ्याला व्यवहाराचं बोलणं एका वाक्यात आटपलं, कारण त्यांना दुसरीच घाई होती. हँडलला हळदकुंकू लावलं. मग पुढच्या बॅगेचं तोंड उघडून त्यात ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, वर खण. सायकलची ओटी भरली! मी बघतच राहिले. "सासरी चालली," त्या म्हणाल्या. "पहिली दिवाळी माहेरी असते, माहीत आहे ना? घेऊन येजो. जावई तू."

स्टेशनावर सामानाच्या डब्यात चढवताना हमालानं बॅगेत डोकावून विचारलं, "सायकलीत नारळ काहून जी?" मंदाताईंनी डोळे वटारले. "पोरगी आहे माझी. हळू ठेव."

कोल्हापुरात आमचे हे तिला बघून म्हणाले, "एवढीशी?" मी म्हटलं, "माझ्याएवढी." आरामखुर्ची गच्चीवर गेली. ओटीच्या तांदळाचा मी गोड भात केला आणि आम्ही दोघांनी तिच्या शेजारी बसून खाल्ला. लांबचा प्रवास करण्यासाठी सायकल घ्यायला गेले होते मी. ती घेताघेताच सगळ्यात लांबचं माणूस जवळचं होऊन बसलं.

संध्याकाळी फोन आला. "पोचली का वं पोरगी?" मी पोचले का, हे विचारलंच नाही.

"पोचली," मी म्हटलं, "आणि ऐका मंदाताई, कन्याकुमारी कुठं पळून जात नाही. आधी दिवाळसण. जावई सायकलवरून नागपूरला येतोय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "ये. काय करू जेवाले? सांग, लागन ते करतो."

मी आजूबाजूला पाहिलं. हे गच्चीवर होते, खोलीत कुणी नव्हतं. तोंडावर हात धरून, अगदी हळू आवाजात सांगितलं, "काहीही करा ताई. तिखट तेवढं कमी घाला."