चौघांची वाट

श्रावणजींचा विषय निघाला की "फार सज्जन माणूस" एवढं म्हणून मी चहाचा कप उचलतो. वर्षानुवर्षं हेच केलं. त्यांच्या बायको कौसाबाई गेल्या त्या दिवसाची जी हकीकत सौंसरला आमच्या गल्लीत सांगितली जाते, ती खोटी आहे आणि ती मीच पसरवली. आता पंच्याहत्तरी उलटली. खरं काय ते लिहून ठेवतो.

श्रावणजी शिड्या बनवायचे. संत्र्याच्या तोडणीला लागणाऱ्या, बांबूच्या, वर निमुळत्या होत गेलेल्या. मोहगाव, लोधीखेड्यापासूनचे बागवाले त्यांच्याकडे येत. गल्लीच्या तोंडाशी माझं घर, शेवटाला त्यांचं. पुढे वाट नाही. सकाळी शिडी खांद्यावर घेतली की पहिल्या पावलापासून हाक सुरू व्हायची, "सरका हो! शिडी येऊन राहिली, तिले डोळे नाहीत!" काटकुळं अंग, बोटांवर बांबूने कापल्याच्या जुन्या खुणा, कानामागे बिडी. ती बिडी पेटलेली मी कधी पाहिली नाही. "कौसीले वास चालत नाही," म्हणायचे, "म्हून कानालेच पाजतो."

मोहल्ल्यात कुणाकडे मयत झाली की बोलावण्याची वाट न पाहता ते कोयता आणि सुतळी घेऊन हजर. तिरडी त्यांनीच बांधायची. गेलेल्या माणसाची उंची आधी मोजत नसत. घराचं दार आणि गल्लीचं वळण मोजत. "दारातून निघाली का वाटेतल्या विसाव्यापर्यंत तिरडी टेकली नाही पाहिजे, आन् चार खांदे सुटले नाही पाहिजे. बाकीचं तुमचं तुम्ही पाहा." एकदा बांधता बांधता मला म्हणाले, "बाबूजी, शिडी उभी धरली का संत्रा उतरते, आडवी धरली का माणूस जाते. बांबू तोच."

मी तहसील कचेरीत बाबू होतो. निवृत्त झाल्यावर मुलाने नागपूरहून त्याची जुनी गाडी माझ्याकडे आणून ठेवली. महिन्यातून एकदा चालवायचो. अंगण नाही, म्हणून गल्लीतच भिंतीला चिकटून लावायचो. पलीकडच्या बाजूला उघडी नाली. मधल्या जागेतून एकच माणूस निघे. श्रावणजी तिथे आले की शिडी उभी करून, तोल सावरत, पाऊल पाऊल पुढे सरकायचे. पहिल्यांदा हसत म्हणाले, "गाडी मोठी गुणाची आहे जी तुमची. दिवसभर बसून राहते, काही मागत नाही. बाजाराच्या मैदानात बसवली तं तिले करमन बी."

"तिथं पोट्टे काचा फोडतात," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा ते हसले नाहीत. "बाबूजी, माणूस येते एकटा, जाते चौघांच्या खांद्यावर. वाट चौघांची ठेवा."

"कोनाले घाई झाली जायाची?" मी विचारलं.

त्यांनी वळून आपल्या घराकडे पाहिलं. कौसाबाई तेव्हा महिनाभर अंथरुणावर होत्या. मला ते माहीत होतं.

पुढे पालिकेचा माणूस आला आणि गाडीवरून मला चार लोकांत बोलून गेला. तक्रार कुणी केली, हे मला आजही माहीत नाही. मी मात्र ती श्रावणजींच्या नावावर टाकली आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, खिडकीखालून कुणीतरी ओरडलं, "बाबूजी, गाडी काढा जी."

मी बाहेर न पाहताच उत्तर दिलं, "चावी पोराजवळ आहे, नागपूरले!"

चावी माझ्या पाठीमागे खुंटीवर होती.

"बाबूजी, कौसाबाई गेली."

तेव्हा उठायला हवं होतं. 'सापडली', एवढा एक शब्द पुरला असता. पण कचेरीत तीस वर्षं एकदा दिलेलं उत्तर मी कधी बदललं नव्हतं. मी खिडकी लोटली आणि फटीतून पाहत राहिलो.

लोकांनी गाडी ढकलून पाहिली. गिअरमध्ये होती, हलली नाही. उचलून सरकवावी तर बाजूला नाली. श्रावणजी आले. गाडी आणि नालीमधली जागा त्यांनी सुतळीने मोजली आणि परत गेले. बायकोसाठी बांधून ठेवलेली तिरडी त्यांनी सोडली, आडव्या कामट्या एकेक करून तोडल्या आणि ती अरुंद करून पुन्हा बांधली. कोयत्याचा प्रत्येक घाव मला घरात ऐकू येत होता. कुणीतरी म्हणालं, "काकाजी, बाबूजीच्या पोराले फोन लावतो."

"राहू दे. नागपूरवून येईपर्यंत ऊन चढन. तिले अडचनीतून चालाची सवय आहे."

ज्या माणसाने मोहल्ल्यातला एकेक माणूस चौघांच्या खांद्यावर धाडला, त्याची बायको माझ्या खिडकीखालून दोघांच्या हातांवर गेली. पुढे ते स्वतः होते. मागच्या माणसाचा पाय नालीत घसरला आणि तिरडी माझ्या गाडीच्या बोनेटवर टेकली. कौसाबाई सवाष्ण गेलेल्या. बोनेटवर कुंकू सांडलं. श्रावणजींनी एका हाताने दुपट्ट्याचं टोक घेऊन ते पुसलं, मग तिरडी उचलली.

तेरवी झाल्यावर मी गाडी बाजाराच्या मैदानात नेऊन लावली. मुलगा चावी देऊन गेला, असं सांगितलं.

पुढच्या वर्षी माझे थोरले भाऊ माझ्याच घरी गेले. श्रावणजींना बोलवायची मला हिंमत नव्हती. ते आले, कोयता आणि सुतळी घेऊन. दार मोजताना त्यांची नजर खुंटीवर गेली. गाडी आली तेव्हाच माझ्या बायकोने चावीला बांधलेला लाल दोरा तिथे लटकून विटून पांढरा पडला होता.

"पोरानं आनून देल्ली वाटते चावी?" त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहत थांबले.

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं," म्हणून ते सुतळीला गाठ मारू लागले. भाऊ चौघांच्या खांद्यावर गेले. त्यातला एक खांदा श्रावणजींचा होता.

मग ते पांढुर्ण्याला मुलीकडे राहायला गेले. आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी बसने निघालो. रस्ताभर एकच वाक्य मनात घोकत होतो. ते खाटेवर होते, कानामागे बिडी नव्हती. मला पाहून म्हणाले, "बहार कसा आहे जी औंदा आपल्याकडं?" मी अर्धा तास संत्र्याच्या बहाराबद्दल बोललो. उठताना त्यांनी विचारलं, "गाडीनं आले का?"

"नाही, बसनं."

"बरं केलं."

पुढच्याच आठवड्यात ते गेले; मी पुन्हा पांढुर्ण्याला पोचलो. तिरडी दुसऱ्या कुणीतरी बांधली होती, गाठी सैल होत्या. लोक खांदा बदलायला आले तरी मी विसाव्यापर्यंत माझी जागा सोडली नाही. डोक्याच्या बाजूचा बांबू माझ्या खांद्यावर होता. त्यांचा कान माझ्या तोंडापासून वीतभरही लांब नसेल. तिथेही ओठ उघडले नाहीत. एवढंच म्हणायचं होतं:

श्रावणजी, चावी खुंटीलेच होती. मले माफ करा.