कोंबडी, द्राक्षं आणि वकीलबाई

आमच्या वकीलबाईंचा राग आधी नाकाच्या शेंड्यावर दिसायचा. शेंडा लाल झाला की सीताबर्डीतल्या त्यांच्या कचेरीच्या दारातूनच चहावाला परत फिरे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो लालच होता. मी आधी पाठवलेला, माझा पेटंटचा अर्ज फेटाळल्याचा आदेश त्यांनी नुकताच वाचला होता.

मी भिवापूरचा. मिरचीचे देठ खुडून आईच्या बोटांची अशी आग व्हायची की लहानपणी ती आम्हाला चमच्यानेच भरवायची. म्हणून मी देठ काढायचं यंत्र केलं. फिरता पिंप, आत वाकणारे रबरी दात. आदेशात लिहिलं होतं की द्राक्षांचे देठ काढणारा पिंप जुना, कोंबडीची पिसं काढणारे रबरी दात जुने. दोन्ही जोडणं कुणालाही उघडच सुचेल.

"उघड?" बाई कडाडल्या. "मग काहून नाही सुचलं गा कोणाले इतकी वर्षं? बाया हात जाळून राहिल्या होत्या, तवा हे शहाणे कुठं होते? उत्तर पाहून गणित सोपं म्हणतात!"

ओरडून झालं की त्या स्वतःच्या डब्यातला अर्धा घास समोरच्याला देत. नाही म्हटलं तर पुन्हा ओरडत.

हाताळल्याशिवाय एखाद्या वस्तूवर बोलायचं नाही, हा त्यांचा हट्ट. भिवापूरला येऊन त्या बायांमध्ये देठ खुडत बसल्या आणि परतताना गाडीत सारा रस्ता शिव्या देत होत्या. अपिलात त्यांनी एवढंच विचारलं, "कोंबडीवाल्याने मिरचीकडे का वळावं, हे जुन्या कागदांत कुठे लिहिलंय?" न्यायमूर्तींनी तोच प्रश्न पेटंट कार्यालयाच्या वकिलांना केला. त्यांनी सगळे कागद चाळले, मिरचीचा उल्लेख कुठेच निघाला नाही. आम्ही जिंकलो.

बाहेर मी वाकलो तर त्या मागे सरकल्या. "पाया नको पडू. अर्धंच जिंकलो." माझ्या आधीच्या वकिलाने अर्जातल्या दाव्यात, म्हणजे नेमका कशावर हक्क ते सांगणाऱ्या कलमात, 'रबरी दात' लिहिलं होतं. बाईंना 'लवचिक' हवं होतं. पण एकदा दाखल केलेला दावा नंतर रुंद करता येत नाही. "तुह्या वावराले त्यानं धुऱ्याच्या आतच कुंपण घातलं," त्या म्हणाल्या. धुरा म्हणजे आमच्याकडचा शेताचा बांध; कुंपणाबाहेर राहिलेली पट्टी आता कुणाचीही.

आणि झालंही तसंच. माझं यंत्र पाहून गेलेल्या एका कंपनीने तसाच पिंप बाजारात आणला. दात मात्र प्लास्टिकचे. मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, बायांचे हात तर वाचले."

"हात वाचले, चांगलं झालं. पण चोराले दुवा काहून देऊन राहिला?" काम तेच, रीत तीच, परिणाम तोच, मग शब्द बदलल्याने चोरी सुटते का, असं विचारत त्यांनी खटला भरला.

खटला चालू असतानाच हृदयविकाराने त्या गेल्या. तेरवी झाली आणि कंपनीचा माणूस तडजोड घेऊन आला. पैसे देतो, फक्त यंत्र आमच्या कंपनीला स्वतंत्रपणे सुचलं, एवढं तुम्ही मान्य करा, म्हणाला. मी इतक्या जोरात 'नाही' म्हणालो की तो दचकला.

"एवढं चिडायला काय झालं, साहेब?"

त्याला बाई कागदावरच्या सहीपुरत्याच माहीत होत्या. मी खुर्ची पुढे ओढली.

"बसा," म्हटलं. "सांगतो."