पुण्याचा पगार, सावंगीची खोली

वर्धा स्टेशनवर पुण्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग सीटखाली सरकवली, सीटवर हात फिरवून धूळ पुसली आणि इकडेतिकडे बघत हळूच सांगितलं, "पगार किती भेटते ते गावात कोणाले सांगू नोको. नजर लागते." आई फलाटावर उभी राहून खिडकीच्या गजातून माझं बोट धरून होती. मी मान हलवली. गाडी बडनेऱ्याला पोचली नसेल, तोवर बाबांनी स्वतःच आमच्या अर्ध्या केळझर गावाला आकडा सांगून टाकला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या वावराशेजारच्या शंकरकाकांनी फोन करून माझं कौतुक केलं, तेव्हा त्यांच्याकडचा आकडा अगदी बरोबर होता.

हे मी वाकडला, हिंजवडीला आणि त्याहूनही लांब गेलेल्या आपल्या वर्ध्याच्या मंडळींसाठी लिहिते आहे. तुम्ही सगळे फोनवर एकच विचारता, की तिकडे भागतं का गं? आणि जे गावातच राहिले ते विचारतात, की पुण्यात नेमकं काय बिघडलं? रोज वेगवेगळं उत्तर देऊन मी कंटाळले, म्हणून एकदाच सांगते.

मी टेक्निकल रायटर आहे. रक्त तपासणारी यंत्रं येतात ना, त्यांच्या खोक्यात तळाशी एक जाड पुस्तिका असते, जी कोणी उघडत नाही आणि यंत्र बंद पडलं की सगळे शोधतात. ती मी लिहिते. बाबा गावात सांगायचे, "पोरगी कंपनीत लिहिते," आणि लोकांना वाटायचं मी हजेरीपट लिहिते. एवढ्या पगाराची हजेरी कोण लिहून घेतो, हा प्रश्न मात्र कोणालाच पडला नाही.

पगार कोड लिहिणाऱ्यांपेक्षा कमी होता, पण आमच्या घराच्या मानानं डोळे दिपवणारा. पुण्यात गेल्यावर कळलं की तो पुण्याचाच आहे. फ्लॅटचं भाडं, डिपॉझिट, दलाल, टँकरचं पाणी, पावसात कॅबचे वाढीव दर, डबा. एक तारखेला आलेला पगार दहा तारखेनंतर माझ्याकडे फारसा थांबायचा नाही. तरी मी सुखात होते, उगाच पुण्याला नावं ठेवणार नाही. लातूरच्या आणि कोल्हापूरच्या मुलींबरोबर मी आठ वर्षं राहिले. त्या माझ्या 'करून राह्यले'ला हसायच्या आणि माझ्या हातच्या भरितासाठी भांडायच्या. 'मले'चं 'मला' कधी झालं ते कळलंही नाही. बाबा एकदाच आले, दोन दिवस राहिले, भाडं ऐकून म्हणाले, "मंग उरते काय?" ही गोष्ट मात्र त्यांनी केळझरला कोणाला सांगितली नाही.

घरून काम सुरू झालं तेव्हा मी परतले. केळझरला महिना काढला, पण मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की लाइन जायची. म्हणून वर्ध्याला लागून असलेल्या सावंगीत खोली बघायला गेले. तिथं मेडिकल कॉलेजची एवढी पोरं राहतात की गल्लीगल्लीत इंटरनेट आणि घराघरात इन्व्हर्टर आहे. घरमालकीण कुंदाकाकू यांचे दोन दर ठरलेले होते, शिकणाऱ्यांना एक आणि डॉक्टरांना दुसरा. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "शिकून राह्यली का शिकवून राह्यली?" मी म्हटलं, दोन्ही नाही, मशिनींची पुस्तकं लिहिते. "म्हंजे मधातली," असं म्हणून त्यांनी मधलं भाडं सांगितलं. मी तिथेच हो म्हटलं.

पुढे कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं. ज्यांना यायचं नसेल त्यांनी आपलं गाव कळवावं, त्या गावाप्रमाणे पगार ठरेल, असं पत्र आलं. माझं गाव 'अन्य' या वर्गात बसलं आणि पगार जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं उतरणार होता. कुंदाकाकूंनी माझं काम विचारून भाडं लावलं आणि कंपनी गाव विचारून पगार लावत होती. मला राग आला. पुस्तिका तीच, तपासणं तेच, आणि माझी वाक्यं काही सावंगीत कच्ची निघत नव्हती. साहेबांना फोन केला. माणूस भला आहे, त्यांनाही अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, पॉलिसी आहे.

मग मी हिशेब मांडला. सगळंच इथं स्वस्त आहे असं समजू नका. लॅपटॉप वर्ध्यातही तेवढ्यालाच मिळतो. एक इंटरनेट रुसतं म्हणून दुसरं ठेवावं लागतं. पुण्यात पंख्यावर निभायचं, इथं मार्च संपत आला की कूलर आणि मे महिन्यात एसी, आणि मग विजेचं बिल हातात घेऊन खुर्चीत बसावं लागतं. पण भाडं, भाजी, दूध, ऑटो, सकाळचे तर्रीपोहे असं सगळं धरून पाहिलं तर महिनाअखेर हातात पुण्यापेक्षा थोडं जास्तच उरत होतं. खरं सांगू, उरलं नसतं तरी मी राहिलेच असते. गल्लीत कोणी कोणाला 'का रे'ऐवजी 'काऊन बे' म्हणून हाक मारली की मला बरं वाटतं. मला इथं बरं वाटतं, याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही.

बाबांना सांगायला केळझरला गेले. ते वांग्यांची पाटी निवडत होते. ऐकून हात थांबला. "काऊन? तुह्यं काई चुकलं का?"

"नाही बाबा. गाव लहान आहे म्हणून."

"माल तोच, मंग भाव काऊन पाडला? अन् तू हो म्हणून आली?"

आई चुलीजवळून म्हणाली, "पोरगी डोळ्यासमोर हाय, तुमाले अजून काय पायजे?" बाबा उरलेली वांगी निवडत राहिले.

त्या दिवसापासून बाबांनी गावात सांगायला सुरुवात केली की पोरगी सुटीवर आली आहे. पोळा झाला की जाते. पोळा झाला. मग दिवाळी झाली की जाते. मंदिरासमोर कोणी भेटलं की मलाच विचारायचे, आणि बाबांची कुठली तारीख सध्या चालू आहे ते आठवून मला उत्तर द्यावं लागायचं. राग आला नाही असं म्हणणार नाही. मी दूर होते तेव्हा ते माझा पगार मिरवत होते, आणि आता मी तासाभराच्या अंतरावर होते तर मला झाकून ठेवत होते. याचं मला फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

बाबा पगाराचा विषय काढत नव्हते, पण येत मात्र होते. वर्ध्याच्या बाजारात भाजी उतरवली की जेवायला माझ्याकडे यायचे. सुरुवातीला जेवून लगेच निघायचे. पुढे जेवल्यावर माझ्या कॉटवर आडवं व्हायला लागले. माझी मीटिंग चालू असली की आपोआप आवाज न करता पाणी प्यायचे. मीटिंगमधल्या पुण्याच्या एका बाईंनी एकदा विचारलं, मागे कोण घोरतंय? मी म्हटलं, बाबा आहेत. त्या म्हणाल्या, नशीबवान आहात.

गेल्या महिन्यात शंकरकाकांचं डोळ्याचं ऑपरेशन इथल्या दवाखान्यात झालं. तपासणीला आले तसे काळा चष्मा लावून माझ्याकडे चहाला आले. बाबा नुकतेच जेवून कॉटवर टेकले होते. काका बशीत चहा ओतत म्हणाले, "पोरी, सुटी लयच लांबली तुही. पुण्याले कधी जाऊन राह्यली?"

मी बाबांकडे पाहिलं. खरं बोलावं तर बाबा खोटे पडतील, आणि पुन्हा एखादा सण पुढे ढकलावा तर माझ्याच्यानं होईना. मी कपाची कड पुसत बसले.

बाबा उठून बसले. "सुटी नाई ते. मीच सांगत होतो तसं. इथंच राह्यते आता."

"अन् पगार?"

"कमी केला कंपनीनं. गाव लहान म्हणून."

"किती केला?"

बाबांनी आकडा सांगितला. होता तेवढाच, एक रुपया वर नाही. काकांनी बशी खाली ठेवली. "मंग कसं करते आता?"

"तिले परवडते," बाबा म्हणाले, आणि परत आडवे झाले.

बाबांनी आयुष्यभर भाजी पिकवली, आणि हा शब्द मी त्यांच्याकडून 'नाई' लावल्याशिवाय कधी ऐकलाच नव्हता. फवारणी परवडत नाई, बाया लावणं परवडत नाई, वांगी तोडणं परवडत नाई, गाडीभाडं परवडत नाई. मी कप घेऊन आत गेले आणि नळ सोडून थोडं रडून घेतलं. बाहेर काका बाबांना कूलरचं बिल किती येतं ते विचारत होते.

आता केळझरला निघाले की मी कुंदाकाकूंना सांगते, घरी जाते. आणि केळझरहून संध्याकाळी निघतानाही माझ्या तोंडून तेच येतं, घरी जाते. आईला ते अजून थोडं लागतं. ती म्हणते, हे काय घर नाई का? बाबा मध्ये पडत नाहीत. माझ्या गाडीच्या हँडलला भाजीची पिशवी अडकवतात आणि म्हणतात, "अंधार पडाच्या आत घरी पोचजो."