वावरातलं घर

शिक्षा भोगून माणूस खरंच बदलतो का, या प्रश्नाने मला नोकरीत जितकं छळलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. अकोल्यात मी परिवीक्षा अधिकारी होते. मुदतीआधी सुटका मागणारा कैदी बाहेर येऊन पुन्हा तेच करील का, हे त्याच्या घरी जाऊन तपासायचं आणि मत द्यायचं, हे माझं काम. त्या खेपेचा कैदी शेजारच्या लहान मुलीवरच्या अत्याचारासाठी आत होता. आता तो तुरुंगात भजनं म्हणायचा, कपाळी बुक्का लावायचा. सगळे म्हणत, सुधारला. मी स्वतः देवधर्म करणारी. तरी त्याच्या मिटल्या डोळ्यांवर विश्वास बसेना, आणि मग आपल्या संशयाचीच लाज वाटे.

हिवरखेडजवळच्या त्याच्या गावी गेले. थोरला भाऊ हात जोडून म्हणाला, "म्याडम, तो वावरातल्या घरात एकटा राहीन. तिथं लेकरूबाळ कोनी नाही." मात्र शेतातलं ते घर दाखवा म्हटल्यावर, रस्ता खराब आहे म्हणाला. सरपंचांनीही हमी दिली. नकार द्यायला हाती काहीच नव्हतं. फाट्यावरच्या मारुतीपुढे टेकले आणि मनात म्हटलं, मला माणसाच्या आतलं दिसत नाही, तूच काय ते दाखव.

एसटीची वाट बघत होते, तेव्हा शेजारी एक मुसलमान बाई येऊन बसली. मांडीवर दोन छोटे फ्रॉक.

"तुमाले त्याइच्या घरून निघताना पाह्यलं," ती आपणहून म्हणाली. "हे त्याइच्याच भाच्याइचे. सैल झाले, आवळून द्याचे हायत."

"कुठे राहतात मुली?"

"वावरातल्या घरात, मायसंगं. सासरी कपाशी बुडाली, म्हून आली बिचारी."

मी लगेच उठले. तिला सोबत घेऊन वावरात गेले. ओसरीवर दोघी मुली तूर निवडत बसल्या होत्या. तुरुंगातला धाकटा भाऊ सुटून इथेच येणार, हे त्यांच्या आईला कोणी सांगितलंही नव्हतं.

मी सुटकेला विरोध केला आणि तुरुंगात जाऊन त्याला ते स्वतः सांगितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "बरं केलं, म्याडम. मले माहाच भरोसा नाही." हा पश्चात्ताप होता की पुढच्या अर्जाची तयारी, मला आजही सांगता येत नाही. कोणाच्या मनाची खात्री आपल्याला मिळावी, हा हट्ट मात्र मी सोडला. ते ज्याला दिसतं त्या देवावर सोपवलं. त्या दोघी वेळेत माझ्या नजरेस पडल्या, एवढ्यासाठी रोज दिवा लावताना हात जोडते.