वर्षाची बेगमी

माझ्या मामेसासऱ्यांइतका सुखाला घाबरणारा माणूस साऱ्या रत्नागिरीत शोधून सापडायचा नाही. संकटात हा गृहस्थ अगदी निवांत. वादळात निम्मी कलमं आडवी झाली, तेव्हा यांनी पडवीत बसून शांतपणे चहा मागितला. पण हापूसला भरघोस मोहोर आला की झोप उडालीच. मग बागेत मान खाली घालून हिंडायचं, आणि कुणी विचारलंच तर "काय खरं नाही यंदाचं" असं सुतकी चेहऱ्यानं सांगायचं. नवं घर बांधलं तेव्हा मागची एक भिंत त्यांनी मुद्दाम गिलाव्याविना ठेवली. गणपतीत मामींचे एकवीस मोदक एकजात सुबक उतरले, तर यांनी त्यातल्या एकाचं नाक हळूच चिमटून टाकलं. "सगळंच नीट असलं की वरच्याचं लक्ष जातं, जावईबापू," असं मला समजावलं. आमचं लग्न निर्विघ्न पार पडलं, त्या धास्तीनं ते दोन दिवस तापानं पडून होते.

पुढे मामींना मोठं दुखणं आलं. वर्षभर मुंबईच्या फेऱ्या झाल्या आणि त्या बऱ्या झाल्या. मामांचे हाल खरे तिथून सुरू झाले. प्रत्येक तपासणी चांगली निघायची आणि प्रत्येक वेळी मामा थोडे आणखी वाळायचे. त्यांनी घरात एक नियमच करून टाकला, की मामींनी वर्षाची बेगमी करायची नाही. मे महिन्यात घरोघरी वर्षाचं लोणचं पडायचं, तेव्हा हे मोजून बारा कैऱ्या आणायचे, महिन्यापुरत्या. वर्षाचं घातलं म्हणजे वर्ष गृहीत धरलं, आणि गृहीत धरलेलं हातचं जातं, असा त्यांचा हिशेब. शेजारीपाजारी मात्र समजायचे, की बागायतदार असून म्हातारा कैऱ्यांना चिकट झालाय.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिथे होतो. मामा नेहमीप्रमाणे बारा कैऱ्या मांडून बसले. मामींनी विळी मिटून ठेवली.

"अहो, मी बरी होऊन पाच वर्षं झाली. तुमच्या घरात मी अजून आजारीच आहे."

मामा आंबे उतरवायचा झेला घेऊन बागेत गेले आणि तासाभरानं दोन टोपल्या कैऱ्या काढून आले. माळ्यावरची मोठी बरणी स्वतः उतरवून धुतली, पुसली, उन्हात ठेवली. संध्याकाळी लोणचं भरून झाल्यावर बरणीच्या तोंडाला फडकं बांधायलाही तेच बसले. गाठ दोनदा सुटली. मामी मदतीला पुढे झाल्या, तसे म्हणाले, "थांब गो. भीती काय गेलेली नाही माझी. पण तिच्यापायी तुला एकेका महिन्यापुरतं जगायला लावलं, ते चुकलं."

मला एरवी त्यांची चेष्टा करायला निमित्त लागत नाही. त्या दिवशी मी बरणी उचलायला हात लावला. बरणी फडताळात गेल्यावर मामांनी बोटाला लागलेला खार चाटून पाहिला आणि म्हणाले, मीठ जरा चढलंय, पुढच्या मे महिन्यात बेतानं घाल. मामी "बरं" म्हणाल्या, आणि मला एकदम भरून आलं.